पुन्हा, पुन्हा, पुन्हा

ॲनिमेशन करणाऱ्या माणसाचं काम जवळून पाहिलं, तर त्याच्या घरच्यांना काळजीच वाटायला हवी. चांगला धडधाकट गृहस्थ सकाळी टेबलाशी बसतो आणि एक हात काढतो. मग दुसरा कागद घेऊन तोच हात पुन्हा काढतो, सुतभर वर. मग पुन्हा. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात. एकेक चित्र दोन फ्रेम चालवायची सवलत घेतली, तरी १२ चित्रं काही सुटत नाहीत. संध्याकाळपर्यंत तो हात जेमतेम नमस्कारापर्यंत पोचतो. याला आपण करिअर म्हणतो.

एखाद्या मुलानं दिवसभर नुसती आगगाडीच काढली, तर मात्र पालकांना शाळेतून बोलावणं येतं.

या दोन जातींच्या माणसांची १९९२ साली झकास गाठ पडली. ब्रिटनच्या चॅनल फोरसाठी टिम वेब यांनी ‘ए इज फॉर ऑटिझम’ हा ११ मिनिटांचा ॲनिमेशनपट केला. स्वमग्नतेवर तज्ज्ञांना बोलतं करणं सोपं होतं. तज्ज्ञ बोलायला टपलेलेच असतात. वेब यांनी चित्रं, शब्द, संगीत हे सगळं स्वमग्न माणसांकडूनच घेतलं. त्यामुळे आगगाड्या आल्या, कानाला सोसवत नाहीत असे आवाज आले. स्टुडिओत मानाची चित्रं ज्येष्ठानं काढायची आणि मधली भरताड धाकट्यानं करायची, असा रिवाज असतो. इथे रेष स्वमग्न माणसांची, विषयही त्यांचाच. दिग्दर्शकाकडे उरलं जोडकाम.

वेब यांनी रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ॲनिमेशन शिकवलं. पण शिक्षकाची खरी परीक्षा मला या सिनेमात दिसते. समोरच्याच्या चित्राला हात न लावणं हे भल्याभल्यांना जमत नाही. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी आणि काठावर नारळाचं झाड, हे निसर्गचित्र आपल्या किती पिढ्यांनी मुकाट्यानं काढलं! सूर्य डोंगराच्या पुढे आला की बाईंचं खोडरबर आलंच.

आपल्याकडे ‘तारे जमीन पर’ या सिनेमात छोट्या ईशानच्या वहीची पानं भराभर उलटली की घरच्यांपासून दूर दूर जाणारा मुलगा दिसतो. अक्षरांशी झगडणाऱ्या पोरानं अख्खी गोष्ट सांगितली होती, फक्त ती तपासायला पानं फिरवावी लागत होती. आपण एकेक पान बघून लाल शेरा मारतो.

आणि पुनरावृत्तीचं म्हणाल, तर ती कुणाला चुकली आहे? मालिकेतल्या एकाच सासूचा एकच कटाक्ष तीन बाजूंनी, ढोलाच्या ठोक्यांसह, रोज रात्री आपण न कंटाळता पाहतो. तेव्हा कुणी आपल्याला समुपदेशकाकडे नेत नाही. म्हणून दिव्याचं बटण सारखं चालू-बंद करणाऱ्या मुलाला ‘पुरे आता’ म्हणण्याआधी निदान एवढं तरी विचारावं : सेकंद भरायला अजून किती फ्रेम उरल्यात?