विहिरीपासून बघत ये

आमच्या साखऱ्यात आवाजाची टंचाई कधीच नव्हती. सप्ताहाचा भोंगा आहे, लग्नाचा बँड आहे आणि या बांधावरून त्या बांधावर हाक मारायला अजूनही फोन लागत नाही. अशा गावात माझा लॅपटॉप मुका निघावा, ही खानदानाला कमीपणा आणणारी गोष्ट होती.

लॅपटॉप जुना. विंडोज उघडेपर्यंत म्हशीची धार काढून व्हायची, म्हणून त्यावर लिनक्स टाकलं. फुकटचं आणि चपळ. त्याच संध्याकाळी कानाला मशीन लावणाऱ्या आजीने कीर्तन लावायची फर्माइश केली. तिला नीट ऐकू यावं म्हणून गणपतीतला ॲम्प्लिफायर माळवदावरून खाली काढला, वायर लॅपटॉपात खोचली आणि कीर्तन सुरू केलं. महाराजांचे ओठ हलत होते, टाळकरी उड्या मारत होते. आवाज मात्र नाही. इथून जवळच औंढ्याला नामदेवांचं कीर्तन अडवलं, तेव्हा देऊळच फिरलं अशी कथा आहे. माझ्याकडे काहीच फिरेना.

व्हिडिओखाली आवाजाची पट्टी होती, ती शंभरवर नेली. पडद्याच्या कोपऱ्यात कर्ण्याचं चित्र होतं, त्यात दुसरी पट्टी, तीही शंभरवर. मग पाव्हूकंट्रोल नावाचा प्रोग्रॅम उघडला. त्यात ब्राउझरची पट्टी वेगळी, बाहेर जाणाऱ्या आवाजाची वेगळी आणि दोन्ही शंभराच्या पुढे थेट दीडशेपर्यंत जातात. दीडशे टक्के द्यायला तयार असलेलं खातं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. दोन्ही दीडशेवर नेल्या. ॲम्प्लिफायरचं बटणही शेवटपर्यंत पिळलं. खोलीत चिटपाखरू बोलेना. पाव्हूकंट्रोलमधली रेघ मात्र मृदंगाच्या ठेक्यावर नाचत होती. म्हणजे कागदोपत्री आवाज पोचला होता.

मोबाइलवर शोधाशोध केली तेव्हा कळलं, की लिनक्समध्ये आवाजाचा कारभार एकत्र कुटुंबासारखा चालतो. सगळ्यांत खाली आल्सा. यारोस्लाव किसेला या चेक गृहस्थाने १९९८च्या सुमारास सुरू केलेला हा प्रकल्प थेट साऊंडकार्डाशी बोलतो. वरच्या सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करून त्याच्या हाती द्यायला २००४ साली लेनार्ट पोटरिंगचा पल्सऑडिओ आला. पुढे २०२१मध्ये फेडोरा या लिनक्सच्या एका अवताराने त्याच्या जागी विम टायमन्सचा पाइपवायर बसवला. पण जुने प्रोग्रॅम अजून पल्सऑडिओच्याच नावाने हाक मारतात. म्हणून पाइपवायर त्या नावाने ओ देतो, आणि ओळख विचारली तर ‘पल्सऑडिओ, पाइपवायरवर’ असं सांगतो. आमच्याकडे याला अतिरिक्त कार्यभार म्हणतात.

पट्ट्या एकाखाली एक, आणि हिशेब गुणाकाराचा. एकाने पन्नास टक्के सोडले, दुसऱ्याने त्यातले पन्नास, की पदरात पंचवीस. आणि एकाने शून्य केलं, की बाकीच्यांनी दीडशे करून उपयोग नाही.

“मघापासून काय करायलास रे?” ओट्यावरून आबांनी विचारलं.

“आवाज येईना. सगळं फुल्ल केलंय.”

“ठिबकला पाणी येईना, तर नळ्या पिळत बसतोस का? विहिरीपासून बघत ये. मोटर, फिल्टर, मेन व्हॉल, नळी सगळ्यात शेवटी. तू उलटाच निघालास.”

आबांनी आयुष्यात कंप्यूटरला हात लावलेला नाही. पण बंद व्हॉल त्यांनी शेकड्याने उघडले आहेत. मी गुमान विहिरीवर गेलो, म्हणजे सगळ्यांत तळाच्या आल्साच्या पट्ट्या दाखवणारा आल्सामिक्सर उघडला. काळ्या पडद्यावर उभ्या खांबांची रांग: मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम. हेडफोनखाली ‘एमएम’ लिहिलेलं. आमच्या घरात हेडफोनच नाही, म्हणून मी पुढे सरकलो.

“वायर कोणत्या भोकात खोचलीस?” आबा.

हेडफोनच्याच.

एमचं बटण दाबलं. ‘एमएम’ गेलं आणि तिथे दोन शून्यं आली. शून्य-शून्य म्हणजे बंद, असं कुणीही समजेल. इथे ती चालूची खूण आहे. ही खूण मला समजायच्या आत गावाला समजली. कारण एक व्हॉल बंद असताना बाकीचे सगळे मी पार मोकळे करून ठेवले होते.

विठ्ठलाचं नाव साखऱ्यात इतक्या जोरात कधी कुणी घेतलं नसेल. म्हशीने दावं तोडलं. पलीकडच्या आळीतून ‘सप्ताह कधी बसला?’ अशी विचारणा आली. मी ब्राउझरची पट्टी खाली ओढली, आबांनी ॲम्प्लिफायरचं बटण उलटं पिळलं, आईने वायर उपटली. सगळं एकाच वेळी. पुन्हा शून्य. आणि आता कुणाचं काय बंद आहे, यावरून तिघांत जुंपली.

आजी मात्र जागची हलली नव्हती. पहिल्याच दणक्याला तिने कानामागच्या मशीनची चाकी खाली केली होती. आपला व्हॉल कुठे आहे, हे घरात तिला एकटीलाच पक्कं ठाऊक. आमचं भांडण थंडावलेलं बघून तिने चाकी वर केली आणि विचारलं,

“महाराज थांबले कामून रे?”