मागून आणलेला चहा

गवती चहाचं रोप नर्सरीतून विकत आणणाऱ्या माणसाबद्दल मला नेहमी शंका येते. याला शेजारी नाहीत, की याचं कुणाशी पटत नाही? हे रोप मागूनच आणायचं असतं आणि त्याला शास्त्राचाही पाठिंबा आहे. आपल्याकडच्या कुंड्यांतला गवती चहा, म्हणजे सिम्बोपोगॉन सिट्रेटस, सहसा फुलावर येत नाही. चुकून आलाच तरी बी धरायचं त्याच्या मनात नसतं. वंश वाढवायचा तर मुळासकट फुटवा काढून दुसरीकडे लावायचा. म्हणजे जिथे जिथे याचं बेट दिसतं, तिथे तिथे कधीतरी कुणीतरी कुंपणावरून वाकून ‘अहो, एक फुटवा द्याल का?’ असं विचारलेलं आहे. बाकीच्या झाडांनी वारा, पक्षी, मुंग्या यांच्यावर भिस्त ठेवली. या पठ्ठ्याने माणसाच्या मागण्याच्या सवयीवर ठेवली आणि त्याचं काहीही अडलेलं नाही.

केरळात ओडक्कलीला या गवतासाठी 1951 पासून संशोधन केंद्र आहे. पण तिकडे तेलासाठी लावतात ती जात वेगळी, तिला बी येतं. आमच्या सोसायटीत संशोधनाचं काम तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बघतात.

बेट आमचं, म्हणजे मी लावलेलं; सोसायटीच्या मागच्या नळाजवळ. निगा म्हणाल तर फारशी नाहीच. ऊन भरपूर हवं, पाणी हवं, पण मुळाशी डबकं नको. ऊस-ज्वारीच्या भावकीतलं गवत ते, लाडाची अपेक्षाच नाही. बुडाशी वाळलेल्या पाती साठतात, त्या अधूनमधून ओढून काढायच्या. कापताना जमिनीपासून वीतभर ठेवून कात्रीने कापायचं, कारण पातीच्या कडांना डोळ्यांना न दिसणारे दाते असतात आणि ते फक्त बोटांना दिसतात.

खरी निगा राखावी लागते ती मागायला येणाऱ्यांची. काकू रोज सकाळी दूध घ्यायला म्हणून खाली येतात. बेटापाशी थांबतात, एक पात खुडतात, चिमटीत चुरगाळतात, डोळे मिटून वास घेतात आणि म्हणतात, “मागच्या पावसाळ्यासारखा वास नाही हो राहिला.” मग त्या वास न राहिलेल्या सहा पाती घेऊन वर जातात. हा वास सिट्रालचा. तेलात त्याचंच प्रमाण सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात असतं. हे मी काकूंना एकदा सांगितलं. “तेच म्हणते मी, तुमच्यात ते कमी पडतंय,” त्या म्हणाल्या.

दुसरे येतात ते डासवाले. खिडकीत गवती चहा ठेवला की डास फिरकत नाहीत, अशी त्यांची श्रद्धा. डास पळवायला वापरतात ते सिट्रोनेला तेल याच्या चुलत भावंडांचं, तेही काढून अंगाला लावावं लागतं. नुसत्या उभ्या बेटावर डास विसाव्याला बसलेले मी पाहिलेत. मधमाश्यांचं उलट आहे. कामकरी माश्या सोबतिणींना बोलवायला जो गंध सोडतात त्यात सिट्राल असतं. म्हणून मधपाळ रिकाम्या पेटीत गवती चहाच्या तेलाचा थेंब टाकून मोहोळाला आमंत्रण देतात. आमच्याकडे मात्र न बोलावता काकूच येतात.

चहाच्या कृतीवरून वाद आहेतच. आमच्या घरी पातीची गाठ मारून ती आलं-साखरेबरोबर पाण्यात उकळतात आणि पत्ती-दूध शेवटी. आलं घातलं की पातीचा अपमान होतो, असं मानणारा पंथ पहिल्या मजल्यावर राहतो. तोही पाती आमच्याच नेतो.

दोन-तीन वर्षांनी बेट मधून वाळतं आणि कडेकडेने जोर धरतं. तेव्हा ते उपटून फोडावं लागतं. गणेशोत्सव मंडळासारखंच, फुटलं की दोन्ही बाजू दुप्पट जोमाने वाढतात. जून-जुलैत मी फुटवे काढतो, पाती छाटतो आणि येईल त्याला वाटतो. वाटण्यात माझा स्वार्थ होता: प्रत्येकाच्या बाल्कनीत एकेक कुंडी झाली की माझ्या बेटाला उसंत मिळेल. कुंड्या झाल्या. लोक त्या जपतात, कौतुकाने पाहुण्यांना दाखवतात, आणि चहाला पात खालून नेतात. “घरचं कापवत नाही हो,” असं काकूंनी स्पष्टीकरण दिलं.

शेवटी प्रकरण वार्षिक सभेत गेलं. एका सभासदाने सामाईक जागेत खाजगी लागवड केल्याबद्दल तक्रार होती. सेक्रेटरींनी विषय वाचला. चर्चा तासभर चालली, मध्ये चहा आला, तो अर्थातच गवती चहा घातलेला. तक्रारदारांनी दुसरा कप घेतला. नंतर एकमताने ठराव झाला की बेट राहू द्यावं, मात्र पाती सर्व सभासदांना खुल्या असाव्यात आणि पाणी घालण्याची जबाबदारी लागवड करणाऱ्याने घ्यावी. सूचक काकू. अनुमोदन, आलंविरोधी पंथ.