दीपप्रज्वलनाचा खर्च कळवावा

मा. संयोजक महोदय,
एकदिवसीय आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय आभासी परिषद,



परवाची आपली परिषद 'न भूतो न भविष्यति' अशी पार पडल्याचं व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळलं. समारोप प्रत्यक्ष ऐकायचा होता, पण तेव्हा मी पुन्हा एकदा बाहेर फेकला गेलो होतो. झूमची फुकटातली मीटिंग 40 मिनिटांनी बंद पडते, हे करोनात चौथीच्या पोरांनाही कळलं होतं. आपण प्राध्यापकांकडून बाराशे आणि संशोधक विद्यार्थ्यांकडून आठशे रुपये घेतलेत, आणि दिवसभर नव्या नव्या लिंका टाकत राहिलात. उद्घाटकांचा परिचय संपला आणि त्याबरोबर मीटिंगही संपली.

तेव्हा पैसे गेले कुठे, हा माझा बाळबोध प्रश्न. समई पीपीटीतली, ज्योत अॅनिमेशनची; म्हणजे तेल-वातीचा खर्च नाही. पाहुण्यांचं स्वागत शब्दसुमनांनी, म्हणजे हारवालाही वाचला. माहितीपत्रकात मात्र 'शुल्कात चहा व भोजन समाविष्ट' ही ओळ जुन्या परिषदेतून तशीच आलेली. निबंधांच्या पुस्तकाचे वेगळे पाचशे, का तर 'आयएसबीएनसह'. तो क्रमांक आपल्या देशात सरकार फुकट देतं, साहेब.

आंतरराष्ट्रीयत्वाचं म्हणाल तर न्यू जर्सीतले आपले माजी विद्यार्थी. तिथे मध्यरात्र उलटलेली, गृहस्थ डोळे चोळत 'कॉलेजच्या आठवणी' सांगून गेले. पण त्यांच्या त्या दहा मिनिटांची किंमत मी जाणतो. यूजीसीच्या 2018च्या नियमावलीत राष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला की प्राध्यापकाला 3 गुण, देशातल्याच आंतरराष्ट्रीय परिषदेत वाचला की 5. वरचे दोन गुण त्यांच्या जांभयांचे.

हे सगळं हसून सोडलं असतं. 2020च्या लॉकडाउनमध्ये गुगल फॉर्म भरला की प्रमाणपत्र मेलवर येऊन पडायचं, तेव्हाही हसलोच होतो. पण माझ्या सहलेखिकेकडून आपण वेगळे बाराशे घेतलेत. निबंध एक, सादरीकरण एक, तेही आठ मिनिटांचं ठरवून तीन मिनिटांत 'सर, आवरतं घ्या'. तरी 'प्रत्येक लेखकाची स्वतंत्र नोंदणी अनिवार्य'. ती तासिका तत्त्वावर शिकवते. तिचं मानधन दिवाळीपासून आलेलं नाही. सवलत मागितली तर आपल्या समितीचं उत्तर आलं, 'मॅडम, प्रमाणपत्र नको असेल तर नोंदणी करू नका.' असं लिहिताना लाज कशी वाटली नाही? मुलाखतीत तिला हेच कागद मागणार, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे आणि शुल्क त्या माहितीवर ठरलंय. ही परिषद नव्हे, हा टोलनाका आहे. आणि त्यावर गाडी कुणाची अडते, तर जिच्या टाकीत पेट्रोल नाही तिची.

नंतर आपला फोन आला. रागाने उचलला, पण आपणच बोलत राहिलात. मूल्यांकनाला नॅकची समिती येणार म्हणून प्राचार्यांनी 'एक तरी आंतरराष्ट्रीय पाहिजेच' असं फर्मावलं, अनुदानाचा अर्ज कुठे अडकला ते कुणी सांगेना, बीजभाषकांचं मानधन आपण खिशातून दिलंत, आणि आपली स्वतःची जागाही विनाअनुदानित. मागून कुणीतरी 'जेवायला या' म्हणून हाका मारत होतं, आणि आपण रात्री साडेदहाला प्रमाणपत्रांवर नावं टाकत बसला होता. मला काय बोलावं ते सुचेना. हे पत्र खरं तर आपल्या प्राचार्यांना, त्यांच्या वरच्यांना आणि त्या गुणतक्त्याला लिहायला हवं. पण त्यांचे नंबर माहितीपत्रकावर नव्हते.

तरीही पैसे आपल्या खासगी मोबाइल नंबरवर गेले आहेत आणि आमचे लेखापाल यूपीआयचा स्क्रीनशॉट पावती म्हणून धरत नाहीत. महाविद्यालयाच्या शिक्क्याच्या दोन पावत्या पाठवाव्यात. सहलेखिकेची आधी.

आपला,
प्रमाणपत्रावर ज्याचं आडनाव चुकलं आहे
(आणि दुरुस्तीचे शंभर रुपये जो भरणार नाही) तो