दाबेल त्याचा बझर

जाहीर अपमानाची सोय इंग्रजांनी फार शिस्तीत केलेली आहे. वेळ अर्धा तास, खुर्च्या आरामशीर, भाषा सभ्य. त्यांच्या दूरचित्रवाणीवर २१ सप्टेंबर १९६२ रोजी ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ सुरू झालं, ते आजही चालू आहे. दोन संघ, प्रत्येकी चार विद्यार्थी आणि प्रश्न विचारायला एक गृहस्थ. १९८७ पर्यंत हे गृहस्थ म्हणजे बॅम्बर गॅसकॉइन, स्वभावाने सौम्य. १९९४ मध्ये बीबीसीवर कार्यक्रमाचा दुसरा जन्म झाला आणि खुर्चीत जेरेमी पॅक्समन आले. यांना सौम्यपणाचं पथ्य होतं. माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना त्यांनी १९९७ च्या एका मुलाखतीत एकच प्रश्न डझनभर वेळा विचारला. विद्यार्थ्यांना ही चैन नाही. त्यांना प्रश्न एकदाच मिळतो आणि तो संपायच्या आत उत्तर सुचावं लागतं.

नियम वरवर पाहता समतेचे आहेत. पहिला प्रश्न दोघांना खुला, १० गुणांचा. जो आधी बझर दाबेल त्याने एकट्याने उत्तर द्यायचं. बरोबर आलं की त्या संघाला पाच-पाच गुणांचे तीन बोनस प्रश्न, तेही आपसात कुजबुजून सोडवायचे. समोरच्या संघाने तोवर काय करायचं? ऐकायचं. उत्तर येत असलं तरी ऐकायचं. अधीर होऊन प्रश्न मध्येच तोडला आणि उत्तर चुकलं, तर पाच गुण कापले जातात. थोडक्यात, एका बोटाच्या चपळाईवर २५ गुणांची मालकी ठरते. ‘कसेल त्याची जमीन’ हे आपल्याकडे कुळकायद्याने आलं. तिकडे ‘दाबेल त्याचा बझर’ लागू आहे.

या कायद्याखाली सर्वांत मोठी बेदखली झाली ती ससेक्स विद्यापीठाची. १९७१-७२ च्या मालिकेत त्यांनी सबंध सामन्यात १० गुण मिळवले. पुढे २००८-०९ च्या मालिकेत एक्झेटर विद्यापीठाची गाठ ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजशी पडली. निकाल : ३५० विरुद्ध १५.

१५ हा आकडा शून्यापेक्षा जास्त लागतो. शून्य आलं असतं तर निदान बहिष्कार टाकला होता असं सांगता आलं असतं. १५ म्हणजे पुरेपूर प्रयत्न केल्याचा लेखी पुरावा. त्यात सूत्रसंचालकाने ‘अजून पुष्कळ वेळ आहे’ असा धीर द्यायची या कार्यक्रमात रीतच आहे. हरणाऱ्याला हे वाक्य नातेवाईक आयसीयूबाहेर बोलतात त्या आवाजात ऐकवलं जातं.

योगायोग असा, की जे. के. रोलिंग याच एक्झेटरच्या पदवीधर. त्यांच्या हॅरी पॉटरच्या क्विडिच या खेळात एक सोनेरी चेंडू पकडला की एका झटक्यात १५० गुण मिळतात आणि हरत आलेला सामनाही फिरतो. मातृसंस्थेची गरज त्यांनी पुष्कळ आधी ओळखली होती म्हणायची. पण हिशेब केला तर तो चेंडू मिळूनही एक्झेटर १६५ वरच थांबतं, आणि १८५ गुणांनी हरतं. जादूलाही मर्यादा असतात.

सामना इतका एकतर्फी का झाला, यावर चर्चा व्हायला हवी होती. ती झाली, पण जिंकणाऱ्या संघाच्या कर्णधार गेल ट्रिंबल यांच्याविषयी. लॅटिन कवी कॅटलस याच्या काव्यावर संशोधन करणाऱ्या या विद्यार्थिनीने संघाचे जवळजवळ दोन-तृतीयांश गुण एकटीने मिळवले होते. कौतुक करणाऱ्यांनी त्यांना ‘मानवी गूगल’ ठरवलं. उरलेल्यांनी त्यांचं हसू किती शिष्ट आहे, याची चिकित्सा आरंभली. पुरुषांच्या एका मासिकाने तर त्यांचे फोटो काढता येतील का, अशी विचारणा त्यांच्या भावाकडे केली. ज्ञानाच्या स्पर्धेत बाईला फार उत्तरं आली की पुढचे प्रश्न तिच्या चेहऱ्यावर निघतात, आणि या फेरीत दंडाचे गुण नसतात.

नियमांकडे बोट दाखवणारे मात्र एकदा येऊन गेले होते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचं प्रत्येक कॉलेज स्वतंत्र संघ म्हणून अर्ज करू शकतं. इतर बहुतेक विद्यापीठांना मात्र सगळ्यांचा मिळून एकच संघ. १९७५ मध्ये मँचेस्टरच्या विद्यार्थ्यांनी याचा निषेध अभिनव पद्धतीने केला. प्रश्न कोणताही असो, उत्तर एकच : मार्क्स, लेनिन, ट्रॉट्स्की किंवा चे गव्हेरा. त्या चौघांत पुढे नावाजलेले पत्रकार डेव्हिड ॲरोनोविच होते. क्रांती झाली नाही. बीबीसीच्या ‘द यंग वन्स’ या विनोदी मालिकेने १९८४ मध्ये ‘स्कमबॅग कॉलेज’ विरुद्ध ‘फूटलाइट्स कॉलेज’ असा सामना रंगवून या विषमतेची टर उडवली. उच्चभ्रू संघात तिथे बसले होते स्टीफन फ्राय, जे १९८० मध्ये केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजकडून खरोखरच या स्पर्धेत उतरले होते. थट्टाही अशी ऑक्सफर्ड-केंब्रिजवाल्यांच्या हातात सुखरूप राहिली.

भारतातही सिद्धार्थ बसूंच्या सूत्रसंचालनाखाली या स्पर्धेची आवृत्ती झाली आणि अंधेरीच्या सरदार पटेल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने ती जिंकली. ऑक्सफर्डचा न्याय आपल्याकडे मनापासून लावायचा झाला, तर मुंबई विद्यापीठाची शेकडो संलग्न कॉलेजं स्वतंत्र अर्ज करतील. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ मागे कसं राहील? पहिली फेरी संपेपर्यंत स्पर्धकांची मुलं अकरावीच्या प्रवेशाच्या यादीत नाव शोधत असतील.

बाकी मँचेस्टरला न्याय मिळाला, पण चौतीस वर्षांनी आणि भलत्याच दारातून. २००९ च्या अंतिम सामन्यात कॉर्पस क्रिस्टीने मँचेस्टरलाच २७५-१९० असं हरवलं. मग उघड झालं, की विजेत्यांपैकी एकजण मालिका संपायच्या आतच शिक्षण आटोपून प्राइसवॉटरहाऊसकूपर्समध्ये नोकरीला लागला होता. नियमाप्रमाणे स्पर्धक विद्यार्थी हवा. बीबीसीने मार्चमध्ये विजेतेपद काढून घेतलं आणि मँचेस्टरला दिलं. १९७५ मध्ये सगळी भिस्त मार्क्सवर ठेवून जे साधलं नव्हतं, ते एका हिशेबतपासनीस कंपनीच्या नेमणूकपत्राने साधलं.

या निवाड्यात एक कायदेशीर धागा लोंबकळत राहिला आहे. अपात्र संघाचं विजेतेपद रद्द होतं, तर त्याचे गुण तरी कसे टिकावेत? ते शून्य धरले, तर तो जुना सामना एक्झेटरने १५ विरुद्ध ० असा एकतर्फी जिंकलेला ठरतो, आणि त्याच चौघांना पुन्हा बझरसमोर बसून पुढच्या फेरीचे प्रश्न घ्यावे लागतात. या न्यायासाठी एक्झेटरहून कोणी उपोषणाला बसेल, अशी शक्यता कमी.