न संपणारा जिना कसा चढावा

जिममधले जिन्याचे यंत्र इतर यंत्रांपेक्षा उंच असते. त्यावर उभे राहिले की सगळे दिसतात, आणि आपणही सगळ्यांना दिसतो. म्हणून साधकाने आधी धाप लागलेल्या चेहऱ्याची तयारी घरीच आरशासमोर करावी. शेजारच्या काकूंचा वेग बघून आपला वेग ठरवू नये. त्या रोज पर्वती चढतात.

दांड्या धरून वर चढावे, सगळ्यांत कमी वेग लावावा आणि पाऊल पायरीवर पुरते टेकवावे. नुसत्या चवड्यांवर चढणाऱ्याच्या पोटऱ्या दुसऱ्या दिवशी भरून येतात. पाठ ताठ ठेवावी. आपण जितके वर जाऊ तितक्या पायऱ्या खाली सरकतात. हिशेब चोख असतो.

आता दांडीचे शास्त्र. नवखा माणूस तोल सावरण्यापुरती बोटे टेकवतो, कारण त्याला कोणी शिकवलेले नसते. मुरलेला साधक मात्र कोपरे ताठ करतो, सगळा भार मनगटांवर टाकतो, कंबर मागे काढतो आणि पायांनी पायऱ्या नुसत्या थोपटतो. यंत्राला यातले काही कळत नाही. ते वेग बघते आणि आपण भरलेले वजन खरे मानून कॅलरी मांडते, त्यामुळे हातांनी उचललेले किलोही पायांच्या खात्यात जमा होतात. शिवाय नाडी मोजायची पट्टी त्याच दांडीवर असते. धरू नये तर काय करावे? परीक्षा सोपी आहे. बेताच्या श्रमात बोलता येते, गाता येत नाही. सोसायटीच्या सभेचा वृत्तांत न थांबता सांगता येत असेल, तर विद्या साध्य झाली.

या विद्येला परंपरा आहे. १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने कैदी रिकामे बसू नयेत म्हणून पायऱ्यांचे प्रचंड चाक काढले. कैदी वरचा दांडा धरून चढत आणि चाक पायाखाली फिरत राही. ऑस्कर वाइल्डलाही १८९५ मध्ये सक्तमजुरीत त्यावर चढावे लागले. १८९८ च्या कायद्यानंतर ही शिक्षा ब्रिटनच्या तुरुंगांतून गेली. तिथे निदान सुटकेची तारीख ठरलेली असे आणि वर्गणी नसे. आपल्याकडे वर्षाची वर्गणी आगाऊ घेतात, पण सुटका बहुतेक जण फेब्रुवारीतच करून घेतात.

उतरताना उडी मारू नये. वेग कमी करत दोन-चार मिनिटे रेंगाळावे आणि पायऱ्या पूर्ण थांबल्यावरच खाली यावे. छातीत दुखले किंवा गरगरले तर तिथेच थांबून डॉक्टर गाठावा. ‘होतं सवयीने’ हे ट्रेनरचे निदान चालणार नाही.

शेवटी टॉवेलने यंत्र पुसावे. पायऱ्यांवर वेळ घालवू नये, घाम सगळा दांड्यांवर असतो.