अस्सल डायनरच्या शोधात

न्यू जर्सीत बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला घर, गाडी आणि मुलांची शाळा मिळाली, की ‘अस्सल’ डायनरचे, म्हणजे अमेरिकी धाटणीच्या खाणावळीचे, वेध लागतात. पुण्यात असताना इराण्याच्या हॉटेलात कधी न फिरकलेल्यांना जरा जास्तच. चकचकीत क्रोम, गुलाबी निऑन आणि भिंतीवर एल्व्हिस प्रेस्ली दिसला, की तिथे फोटो निघतात. बांधकाम बहुधा परवाचं. खऱ्या जुन्याला आपलं वय भिंतीवर टांगावं लागत नाही.

मुळात हा प्रकारच चाकांवरचा. १८७२ साली प्रॉव्हिडन्समध्ये वॉल्टर स्कॉट (कादंबरीकार नव्हे) घोडागाडीतून रात्रपाळीवाल्यांना खाणं विकू लागला. पुढे न्यू जर्सीच्या कारखान्यांत अख्खं डायनर तयार होऊन जागेवर नेऊन ठेवलं जाई. म्हणजे ‘या मातीतलं’ म्हणून ज्याचं कौतुक, तेही बाहेरूनच लादून आणलेलं. मालक पुष्कळदा ग्रीक.

मेनू पोथीएवढा जाड. तो आद्योपान्त वाचून शाकाहारी मंडळी मागवतात ग्रिल्ड चीज सँडविच. मग पर्समधून लाल तिखटाची पुडी निघते आणि निकाल लागतो, “पूर्वीची चव राहिली नाही हो!” अमेरिकेत येऊन जेमतेम तीन महिने झालेले असतात.