टाकी भरली, पण सांगणार कोण?

रेडिंग, इंग्लंड

ती. नाना व ती. सौ. आई यांस,


पार्सल पोचलं. शेंगाचटणी शाबूत, कडक भाकरीचाही कोपरा दुखावलेला नाही. म्हणजे एक तर इकडचे टपालवाले सज्जन, नाहीतर भाकरी फारच कडक.

आता त्या आवाजाचं सांगते. मागे पाऊस पडतोय का, असं नाना फोनवर विचारत होते ना? पाऊस नव्हता, वरच्या संडासाची फ्लशची टाकी वाहत होती. तिकडे उजनी धरण काठोकाठ भरलं तरी सोलापुरात नळाला चार-चार दिवस पाणी नाही, आणि इथे पिण्याचं पाणी रात्रंदिवस गटारात! नानांनी सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात काढली. त्यांची सून म्हणवून घ्यायची सोय उरली नव्हती.

वर हे कुणाला दिसतही नाही. आपल्याकडे गच्चीवरची टाकी वाहू लागली की समोरच्या काकू खिडकीतूनच ओरडतात, ‘‘अहो, टाकी भरलीऽऽ!’’ आणि नाना जेवत्या ताटावरून उठतात. इथे टाकीतलं जादा पाणी आतल्या आत एका नळीतून भांड्यात उतरतं. भांड्याच्या मागच्या भिंतीवर बोटभर रुंदीची ओल हलताना दिसते, बस्स. कागदाचा तुकडा टेकवला तर लगेच भिजतो.

शेजारचे आजोबा म्हणाले, पूर्वी असं नव्हतं. त्यांच्या घराच्या भिंतीतून अजून एक नळी बाहेर डोकावते. टाकी वाहिली की धार अंगणात पडायची आणि रस्त्यावरून जाणारा येणारा बघायचा. फ्लशही सायफनचा असायचा. दांडा ओढला की पाणी वर चढून वाकणावरून पलीकडे पडायचं, त्यामुळे टाकीच्या तळाला वायसरच नाही, मग तिथून गळणार कसं? २००१ पासून इथले नियम बदलले. नवी टाकी सहा लिटरच्या वर नको, बटणाचा फ्लश चालेल आणि जादा पाणी आतल्या आत सोडलं तरी चालेल. पाणी वाचवायला टाकी लहान केली आणि गळती घराच्या आत नेऊन ठेवली! हे नानांच्या काळात खात्यात कुणी सुचवलं असतं तर नानांनी फाइल फेकून मारली असती.

असो. प्लंबर नुसता उंबऱ्यात पाऊल टाकायचे जेवढे घेतो तेवढ्यात टाकीत पाणी घेणारे नवे तीन व्हॉल्व्ह येतात. म्हणून नानांना व्हिडिओ कॉल लावला. आई, तुम्ही फोन नेहमीसारखा देवघरापाशी टेकवून ठेवलात आणि समोर आमचा संडास उघडला, त्यावरून तुम्ही जे काही बोललात ते रास्तच होतं. पण नानांनीही ऐन वेळी कमाल केली. ‘‘दांडी खाली वाकव, दांडी!’’ अहो नाना, दांडीच नाही! पितळी दांडी नाही, टोकाला फुगा नाही. एक उभा प्लास्टिकचा खांब आणि त्याच्या अंगाला चिकटून वरखाली होणारा पेला. तुमचे चिरंजीव बॅटरी धरून उभे होते. त्यांनी तेवढ्यात तसल्याच व्हॉल्व्हचे चार व्हिडिओ पाहून घेतले आणि बॅटरी मात्र छताकडे धरली.

नाना, यंत्र तुम्हाला आवडेल असं आहे. आत एक वाटोळं रबर, त्याच्या मधोमध टाचणीएवढं छिद्र. त्या छिद्रातून पाणी रबराच्या मागे जातं. पेला वर आला की मागची वाट बंद होते, रबरामागे दाब साठतो आणि तोच दाब रबराला पुढे रेटून पाणी अडवतो. पाण्याच्याच जोरावर पाणी बंद! पण कचऱ्याचा एक कण अडकला किंवा रबर कडक झालं की ते नीट टेकत नाही आणि झिरपणं सुरू. आमच्या रस्त्यावर मध्यंतरी पाइप फुटला होता. तो दुरुस्त झाल्यावर दोन दिवस नळाला गढूळ पाणी आलं. आमची बाधा बहुधा तिथलीच. शिवाय इथल्या पाण्यात चुना इतका की किटलीच्या तळाला पापुद्रे धरतात.

खाली पाइपवर एक छोटा स्क्रू असतो, तो पाव फेरा फिरवला की त्या टाकीपुरतं पाणी बंद. मग फ्लश करून टाकी रिकामी केली, व्हॉल्व्हची टोपी फिरवून काढली. आत खरंच वाळूचे दोन दाणे आणि पांढरा थर! रबर धुऊन घेतलं, पण नळीतला उरलासुरला कचरा निघायला पाणी क्षणभर सोडावं लागतं आणि तेव्हा वर एखादं भांडं उपडं धरायचं असतं. चिरंजिवांनी व्हिडिओतला नेमका तेवढाच भाग पुढे ढकलला होता. कारंजं छतापर्यंत गेलं. धाकट्याने टाळ्या वाजवल्या.

थर काढायला, आई, तुम्ही ढोकळ्यासाठी दिलेली लिंबूफुलाची पुडी वापरली. थांबा, रागावू नका! वाटी घरातली नव्हती, दह्याचा रिकामा डबा होता आणि तो लगेच फेकला. थर विरघळला, पण रबराच्या काठावर एक खाच दिसली. ते काही दुरुस्त होणारं नव्हतं. मग ते रबर पर्समध्ये टाकून गावाबाहेरच्या हार्डवेअरच्या गोदामात गेले. आपल्या चाटी गल्लीत दुकानदार मान वर न करता बरोबर वस्तू काउंटरवर ठेवतो. इथे शेल्फच्या रांगाच रांगा आणि विचारायला चिटपाखरू नाही. पाकिटाच्या पारदर्शक भागावर जुनं रबर ठेवून मापं जुळवत बसले. शेजारी एक गृहस्थ आपलं रबर घेऊन तेच करत होते.

नवं रबर बसलं, टोपी लावली, पाणी सोडलं. पेला वर आला आणि टाकी एकदम गप्प झाली. जादा पाण्याच्या नळीच्या तोंडापासून पाणी बोटभर खाली राहतंय. पातळी खालीवर करायला दांडीऐवजी एक प्लास्टिकचा स्क्रू आहे. नाना, मेमध्ये आलात की तो तुम्हीच फिरवा. फक्त टाकीवर दोन बटणं आहेत, लहान अर्ध्या पाण्याचं, मोठं पूर्ण पाण्याचं. दोन्ही एकदम दाबायची नाहीत.

आईंनी लिंबूफूल पुन्हा पाठवावं, ढोकळा राहिलाच आहे. पण या वेळी पुडीवर ‘लिंबूफूल, ढोकळ्यासाठी’ असं इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहा. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पांढरी पूड विमानतळावर उघडली गेली, तर चिरंजिवांना फ्लशच्या टाकीपासून सगळं सांगत बसावं लागेल.

मुलांचा दंडवत.

आपली,
थोरली सून